कानो सापडला आणि मेट्सची सुटका झाली

(दृश्य : न्यूयॉर्कमधलं सिटी फील्ड. हंगाम संपलेला, खुर्च्या रिकाम्या.)

१८ नोव्हेंबर २०२०. न्यूयॉर्क मेट्सचा सेकंड बेसमन रॉबिन्सन कानो उत्तेजक चाचणीत दुसऱ्यांदा दोषी ठरल्याचं मेजर लीग बेसबॉलने, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगने, जाहीर केलं. द्रव्य स्टॅनोझोलॉल, स्नायू वाढवणारं स्टेरॉइड. शिक्षा १६२ सामने, म्हणजे २०२१ चा अख्खा हंगाम, बिनपगारी.

नुकत्याच संपलेल्या छोट्या हंगामात कानोची सरासरी .३१६ होती, म्हणजे फलंदाजीच्या दर दहा संधींत तीनहून जास्त हिट. असा फलंदाज गेला तर चाहत्यांनी हळहळायला हवं. पण मेट्सच्या चाहत्यांत चर्चा सुरू झाली ती वाचलेल्या पैशांची. कानोचा वर्षाचा पगार २ कोटी ४० लाख डॉलर. त्यातले ३७ लाख ५० हजार त्याचा आधीचा क्लब सिएटल मरिनर्स भरत होता. म्हणजे मेट्सच्या खिशात राहिले २ कोटी २ लाख ५० हजार. या पैशांत कोण येईल, याच्या याद्या लगेच फिरायला लागल्या.

आपलाच खेळाडू पकडला गेला आणि आपल्याच चाहत्यांना हायसं वाटलं. असं का झालं, हे समजण्यासाठी आधी करार पाहावा लागतो, उत्तेजकं नंतर.

(दृश्य : आकड्यांची पाटी. २४ कोटी डॉलर, १० वर्षं.)

डिसेंबर २०१३. यँकीज सोडून कानो सिएटलला गेला. करार १० वर्षांचा, २४ कोटी डॉलरचा. तेव्हा त्याचं वय ३१. म्हणजे कराराचा शेवटचा हंगाम तो ४० व्या वर्षी खेळेल या हिशोबाने बांधलेला.

आयपीएल पाहणाऱ्यांना इथे दोन गोष्टी वेगळ्या दिसतील. आयपीएलच्या लिलावात प्रत्येक संघाची थैली ठरलेली असते. बेसबॉलमध्ये तशी वरची मर्यादा नाही. ठरलेल्या रकमेच्या वर पगार गेले की क्लबला लक्झरी टॅक्स भरावा लागतो, एवढंच. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. बेसबॉलचा करार हमीचा असतो. खेळाडूचा खेळ ढासळला, गुडघा गेला, पाठ धरली, तरी पगार चालू. क्लबने संघातून काढून टाकलं, तरीही चालू. दुसऱ्या क्लबने त्याला उचललं, तर तो क्लब फक्त किमान पगार देतो, बाकी सगळं जुन्या क्लबच्या माथी. बंदी सोडली तर पैसे बुडतात ते खेळाडूने स्वतः निवृत्ती जाहीर केली तरच. म्हणूनच टेक्सस रेंजर्सच्या प्रिन्स फील्डरने मानेच्या शस्त्रक्रियांनंतर २०१६ मध्ये खेळ थांबवला, पण कागदोपत्री तो निवृत्त झाला नाही, वैद्यकीय कारणाने खेळण्यास असमर्थ ठरला. पगार चालू राहिला, आणि त्यातला मोठा वाटा विम्याने भरला.

मग क्लब तिशी ओलांडलेल्या खेळाडूला १० वर्षांची हमी देतातच का? मालक मूर्ख असतात, हे चाहत्यांचं आवडतं उत्तर. ते चुकीचं आहे. खरं कारण खेळाडूच्या पहिल्या सहा वर्षांत आहे.

(दृश्य : शिकागोचं रिगली फील्ड.)

मेजर लीगमध्ये आलेला खेळाडू सहा वर्षांची सेवा पूर्ण होईपर्यंत मोकळा होत नाही. पहिली साधारण तीन वर्षं किमान पगाराच्या आसपास. २०२६ मध्ये हा किमान पगार ७ लाख ८० हजार डॉलर आहे. पुढची तीन वर्षं पगार लवादाच्या धाकाने ठरतो. आणि सेवेचं एक वर्ष मोजतात १७२ दिवसांचं.

क्रिस ब्रायंटचं उदाहरण घेऊ. २०१५ च्या वसंतात तो शिकागो कब्जचा सगळ्यात तयार फलंदाज होता. क्लबने त्याला हंगामाच्या सुरुवातीला खाली मायनर लीगमध्ये ठेवलं आणि १७ एप्रिलला वर आणलं. हंगामअखेर त्याच्या नावावर १७१ दिवस जमले. एक दिवस कमी पडला. त्या एका दिवसापायी तो २०२० ऐवजी २०२१ नंतर मोकळा झाला. त्याने तक्रार केली, २०२० च्या जानेवारीत लवादाने ती फेटाळली. मधल्या काळात, २०१६ मध्ये, तो नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि कब्जने १०८ वर्षांनी जगज्जेतेपद मिळवलं. त्या वर्षीचा त्याचा पगार होता ६ लाख ५२ हजार डॉलर.

मार्च २०२२ मध्ये, तिशी गाठल्यावर, कोलोरॅडो रॉकीजने त्याला ७ वर्षांचे १८ कोटी २० लाख डॉलर दिले. पुढच्या चार हंगामांत, ६४८ पैकी, तो खेळला १७० सामने. पाठीच्या मणक्यातल्या चकत्या झिजल्या होत्या. आज सगळ्यात वाईट करारांची यादी निघाली की ब्रायंटचं नाव वरच्या ओळीत असतं. पण त्याच्या उमेदीच्या वर्षांचं मोल कब्जने फुकटात खाल्लं आणि बिल गेलं कोलोरॅडोला.

अल्बर्ट पूहोल्सचंही तेच. सेंट लुईससाठी ११ वर्षांत ४४५ होमरन आणि दोन जगज्जेतेपदं. मग वयाच्या बत्तिसाव्या वर्षापासून एंजल्सचे २४ कोटी. संघाला खेळाडूमुळे किती जादा विजय मिळाले हे मोजायचं वॉर नावाचं माप आहे. त्या मापाने पूहोल्स सेंट लुईसला ८६ च्या वर आणि एंजल्ससाठी जेमतेम १३ च्या आसपास. फलंदाज सत्तावीस-अठ्ठावीसच्या सुमाराला सगळ्यात चांगला खेळतो, तिशीनंतर आधी पळणं मंदावतं, मग क्षेत्ररक्षण जातं, शेवटी वेगवान चेंडूला बॅट उशिरा येते. सहा वर्षांच्या अटीमुळे मोठा पैसा हाती येतो तो बरोबर या उताराच्या तोंडाशी.

मेट्सचा जुना खेळाडू बॉबी बोनियाचा उल्लेख केल्याशिवाय वाईट करारांची चर्चा पुढे जात नाही, म्हणून थोडक्यात. मेट्स त्याला दर १ जुलैला ११ लाख ९३ हजार २४८ डॉलर देतात, २०११ पासून २०३५ पर्यंत. लोक हसतात. पण हा करार वाईट खेळाडूचा नाही, कर्जाचा आहे. २००० मध्ये त्याचे ५९ लाख डॉलर द्यायचे होते. ते लांबणीवर टाकून मेट्सने ८ टक्के व्याज कबूल केलं, कारण मालकांचे पैसे बर्नी मॅडॉफकडे होते आणि तिथे याहून जास्त परतावा मिळतोय असं त्यांना वाटत होतं. मॅडॉफचा तो सगळा कारभार पुढे प्रचंड घोटाळा निघाला.

(दृश्य : काचेच्या दोन सीलबंद बाटल्या, ए आणि बी.)

आता उत्तेजकं. चाचणी होते कशी? नमुना घेणारा माणूस न सांगता येतो. खेळाडू लघवी करताना तो समोर उभा राहून पाहतो. नमुना दोन बाटल्यांत विभागतात, ए आणि बी. दोन्हींवर एकच क्रमांक आणि फोडल्याशिवाय न उघडणारं सील. ए सदोष निघाला तर बी तपासतात. २०१३ पासून हंगाम चालू असतानाही ग्रोथ हॉर्मोनसाठी रक्त घेतात, आणि प्रत्येक खेळाडूच्या टेस्टोस्टेरॉनची नेहमीची पातळी नोंदवून ठेवतात, म्हणजे अचानक झालेला बदल उठून दिसतो.

यात चूक कुठे होते? मिलवॉकी ब्रुअर्सच्या रायन ब्रॉनच्या प्रकरणात ती बाटलीच्या प्रवासात झाली. १ ऑक्टोबर २०११, शनिवार. नमुना घेतला संध्याकाळी. माणसाला वाटलं, आता कुरियर सोमवारशिवाय निघणार नाही, म्हणून त्याने तो घरी नेऊन ठेवला. सील शाबूत होती. टेस्टोस्टेरॉनचं एपिटेस्टोस्टेरॉनशी प्रमाण २० च्या वर निघालं. ४ च्या वर गेलं की शंका घेतात. तरी फेब्रुवारी २०१२ मध्ये लवाद श्याम दास यांनी ब्रॉनला सोडलं, कारण नमुना त्याच दिवशी रवाना करायचा नियम पाळला गेला नव्हता. दीड वर्षाने खेळाडूंना उत्तेजकं पुरवणाऱ्या फ्लोरिडातल्या बायोजेनेसिस दवाखान्याचं प्रकरण फुटलं आणि ब्रॉनने ६५ सामन्यांची बंदी निमूट स्वीकारली.

कानो पहिल्यांदा सापडला तो मे २०१८ मध्ये, फ्युरोसेमाइडमुळे. आपल्याकडे हे औषध लॅसिक्स नावाने मिळतं; सूज आणि रक्तदाबावर देतात. ताकदीसाठी त्याचा उपयोग शून्य. पण लघवीचं प्रमाण वाढतं, नमुना पातळ होतो आणि दुसरं काही असेल तर त्याची मात्रा मोजमापाच्या खाली जाऊ शकते. ते सापडलं म्हणून आपोआप बंदी येत नाही, लपवण्याच्या हेतूने घेतलं असं ठरावं लागतं. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या डॉक्टरने उपचार म्हणून दिलं, असं कानोने सांगितलं. त्याने आधी अपील केलं होतं, ते मागे घेतलं. ८० सामने गेले, त्यांचा पगारही गेला. त्याच डिसेंबरात सिएटलने त्याला मेट्सकडे पाठवलं आणि उरलेल्या १२ कोटींपैकी २ कोटी स्वतः भरायचं कबूल केलं.

चाहते इथे विचारतात : फसवणूक सिद्ध झाली, मग करार रद्द का नाही करत?

रद्द करता येत नाही. खेळाडूंची संघटना आणि लीग यांच्या संयुक्त उत्तेजक कार्यक्रमात स्पष्ट लिहिलंय, की शिक्षेचा अधिकार लीगच्या प्रमुखाच्या, म्हणजे कमिशनरच्या, कार्यालयाचा. क्लबने कराराचा आधार घेऊन वेगळी कारवाई करायची नाही. २००४ च्या डिसेंबरात जेसन जिआंबीची, स्टेरॉइड घेतल्याची कबुली देणारी, ग्रँड ज्युरीपुढची साक्ष छापून आली, तेव्हा यँकीजने त्याच्या ७ वर्षांच्या, १२ कोटींच्या करारातून सुटायची वाट शोधून पाहिली. सापडली नाही. २००५ मध्ये त्याने ३२ होमरन मारले.

हा नियम खेळाडूंना पाठीशी घालतो, असं बऱ्याच जणांना वाटतं. मला तो योग्य वाटतो. करार रद्द होऊ शकतो असं ठरलं, तर महागात पडलेल्या प्रत्येक खेळाडूचा क्लब त्याच्या चाचणीकडे डोळे लावून बसेल. दवाखान्याचे कागद, सप्लिमेंटचे डबे, डॉक्टरांची नावं क्लबच्याच लोकांच्या नजरेखाली असतात. खेळाडूला सावध करायचं काम ज्यांचं, त्यांनाच तो सापडण्यात कोट्यवधींचा फायदा, हे चालणार नाही.

पण आहे त्या नियमातही उलटा हिशोब आहेच. २०१३ मध्ये डेट्रॉइटच्या जॉनी पेराल्टावर ५० सामन्यांची बंदी आली. बंदी संपवून तो ऑक्टोबरच्या बाद फेरीत खेळलाही आणि नोव्हेंबरात सेंट लुईसने त्याला ४ वर्षांचे ५ कोटी ३० लाख दिले. इतर खेळाडूंनीच उघड संताप व्यक्त केला. मार्च २०१४ मध्ये नियम कडक झाले : पहिल्या गुन्ह्याला ८०, दुसऱ्याला १६२, तिसऱ्याला कायमची बंदी. त्या वर्षीची बाद फेरीही बंद. आणखी एक फट बुजवली. यँकीजच्या अॅलेक्स रॉड्रिगेझवर २०१४ मध्ये १६२ सामन्यांची बंदी होती, पण हंगाम १८३ दिवसांचा. त्यामुळे २ कोटी ५० लाखांतले २१ दिवसांचे २८ लाखांहून जास्त डॉलर त्याला मिळाले. आता पूर्ण हंगामाची बंदी म्हणजे अख्ख्या हंगामाचा पगार शून्य.

एक फट मात्र तशीच आहे. बंदीच्या काळातला पगार क्लबकडे राहतो, आणि लक्झरी टॅक्सच्या हिशोबातूनही वगळला जातो. म्हणजे क्लबला दुहेरी सूट.

(दृश्य : २ मे २०२२. मेट्सच्या संघाची यादी, एक नाव खोडलेलं.)

कानो २०२२ मध्ये परत आला. बारा सामने, सरासरी .१९५. २ मे रोजी सगळ्या संघांना २८ वरून २६ खेळाडूंवर यायचं होतं. मेट्सने त्याला काढलं आणि उरलेला पगार देत राहिले, २०२३ चाही, तो मेजर लीगमध्ये कुठेच नसताना. सॅन डिएगो आणि अटलांटाने त्याला मधे खेळवलं, किमान पगारात.

२०२० च्या त्या नोव्हेंबरातल्या चाहत्यांच्या सुटकेचा दोष चाहत्यांना देऊन उपयोग नाही. हिशोबच तसा मांडलेला आहे. तो बदलायला दोन कलमं पुरेत. बंदीत कापलेला पगार क्लबला न मिळता मायनर लीगच्या खेळाडूंच्या राहण्या-खाण्याच्या आणि वैद्यकीय सल्ल्याच्या निधीत जावा. आणि लक्झरी टॅक्सच्या हिशोबात तो पगार क्लबच्या नावावर कायम राहावा. खेळाडूची शिक्षा तेवढीच राहील, क्लबची बचत संपेल. लीग आणि खेळाडू संघटनेचा सध्याचा सामूहिक करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो. ही कलमं घालायची जागा त्यापुढच्या करारात आहे.