गाणं सुरू होण्याआधीची दहा सेकंदं

आवडत्या सिनेमांवर वाद घालायला चार जण बसले की पाचव्या मिनिटाला एक जण म्हणतोच, "गाणी नसती तर बरा होता." त्यावर लगेच दुसरा, "गाण्यांशिवाय आहे काय त्यात?" आणि दोघं एकाच सिनेमाबद्दल बोलत असतात! हा वाद मिटावा अशी माझी इच्छा नाही. मिटला तर संध्याकाळी करायचं काय? पण तो 'मला आवडतं, तुला कळत नाही' यापलीकडे न्यायचा असेल, तर गाणं सिनेमात बसवतात कसं आणि फसतं कुठे, हे थोडं जवळून बघावं लागेल.

आधी 'म्युझिकल' या शब्दाचा घोळ निस्तरू. हॉलिवूडमध्ये म्युझिकल हा वेगळा प्रकार आहे, वेस्टर्न असतो तसा. तिकीट काढतानाच माहीत असतं की आत माणसं गाणार. आपल्याकडे खुनाच्या तपासातही गाणं असतं आणि दरोडेखोरांच्या तळावरही. १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' लागला, त्यात सात गाणी होती. पुढच्याच वर्षीच्या 'इंद्रसभा'त सत्तरच्या आसपास. हे वेड सिनेमाने शोधलं नाही, ते पारशी रंगभूमीवरून आलं. मराठीत तर विचारूच नका. १८८२ च्या 'सौभद्रा'त शंभरावर पदं. पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' आला १९३२ मध्ये आणि त्यात हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे. संगीतही त्यांचंच. म्हणजे संगीत नाटकातला माणूस आपली पेटी घेऊन थेट पडद्यावर आला.

नाटकात गाण्याला एक उघड व्यवस्था असते. ऑर्गन सूर देतो, तबलजी हात चालवून बघतो, नट पाऊलभर पुढे येतो आणि प्रेक्षक सावरून बसतात. आता पद येणार हे सगळ्यांनी मान्य केलेलं असतं. पद रंगलं की वन्स मोअर, आणि रुक्मिणी-सुभद्रेची काय अडचण चालली होती ते दहा मिनिटं बाजूला. कुणाची तक्रार नाही. पण कॅमेरा आला आणि त्याने खरा दरवाजा, खरा रस्ता, खरा पाऊस दाखवायला सुरुवात केली. खऱ्या दरवाजात उभा राहून माणूस एकदम गायला लागला की शंका येते. 'खऱ्या आयुष्यात असं कोण गातं?' हा प्रश्न तिथून सुरू झाला.

या प्रश्नाला मला सर्वांत आवडलेलं उत्तर एका फ्रेंच दिग्दर्शकाचं आहे. झाक दमीचा १९६४ चा 'शेरबूरच्या छत्र्या' हा सिनेमा पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत गायलेला आहे. संगीत मिशेल लग्राँचं. सुरुवातीलाच एक गॅरेज. मेकॅनिक मंडळी गाडीच्या इंजिनाबद्दल बोलतात, तेही गाऊन. काम संपवून हात धुताना 'संध्याकाळी काय करणार' अशा गप्पा निघतात. नायक ऑपेराला जाणार असतो. त्यावर त्याचा एक सहकारी, अर्थात गाऊनच, सांगतो की ती सगळी गाणारी माणसं मला सहन होत नाहीत, त्यापेक्षा आपला सिनेमा बरा. प्रेक्षकाच्या तोंडातली तक्रार दिग्दर्शकाने पाचव्या मिनिटाला काढून घेतली, तीही सुरात! पुढचा दीड तास मग 'गातात का' हे कुणी विचारत नाही.

म्हणून मी गाण्याआधीची दहा सेकंदं बघतो. गद्यातून पद्यात जाताना शिवण दिसते का? ही शिवण घालायच्या रीती थोड्याच आहेत.

एक, गाण्याचा उगम प्रसंगातच असावा. कीर्तन, तमाशाचा फड, मैफल, वरात, रस्त्यावरचा गाणारा. प्रभातच्या 'कुंकू'मध्ये, १९३७ साली, शांतारामबापू आणि केशवराव भोळे यांनी पार्श्वसंगीत पूर्णपणे टाळलं. जे ऐकू येईल ते प्रसंगातूनच यायला हवं, असा कडक नियम. 'मन सुद्ध तुझं' हे गाणं रस्त्यावर गात फिरणारा म्हणतो, म्हणून ते कुठून आलं हे विचारावं लागत नाही. हाच नियम आदल्या वर्षीच्या 'संत तुकाराम'लाही वेगळ्या तऱ्हेने लागू पडतो. तुकोबा अभंगातच विचार करतो, तेव्हा विष्णुपंत पागनीस गायला लागले की काही बदललं असं वाटतच नाही. त्याच अभंगावर सालोमालो आपली मालकी सांगतो आणि आपल्या ढंगात गातो, तेव्हा शब्द तेच असूनही माणूस उघडा पडतो. 'आधी बीज एकले' शांताराम आठवल्यांनी लिहिलं, पण लोक ते तुकोबांचंच समजत आले. गाणं पात्राला किती बेमालूम चिकटू शकतं याचा यापेक्षा मोठा पुरावा मला माहीत नाही.

दोन, बोलणंच हळूहळू तालात आणायचं. 'माय फेअर लेडी'त, १९६४ साली, रेक्स हॅरिसन धड गात नाही, धड बोलत नाही. प्रत्येक वेळी थोडं वेगळं म्हणायची त्याची सवय, त्यामुळे आधी ध्वनिमुद्रण करून नंतर ओठ हलवणं त्याला जमणारं नव्हतं. मग टायमध्ये बिनतारी माइक लपवून त्याचा आवाज सेटवरच घेतला. त्याच सिनेमात ऑड्री हेपबर्नची बहुतेक गाणी मात्र मार्नी निक्सनच्या आवाजात आहेत. एकाच खोलीत दोन पद्धती! कान देऊन ऐकलं तर त्याचा आवाज खोलीत आहे आणि तिचा स्टुडिओत, हे कळतं. या सिनेमामागचं मूळ नाटक म्हणजे शॉचं 'पिग्मॅलियन', त्यावरून पु. लं.नी 'ती फुलराणी' केलं, तेव्हा गाणी नव्हती तरी त्यातलं मोठं स्वगत तालावरच उभं केलं. बोलणं आणि गाणं यांच्या मधली ही पट्टी मराठीला चांगली ओळखीची आहे.

तीन, काहीच लपवायचं नाही, सरळ उडी मारायची. नायिका मान वळवते, वारा सुटतो, पुढच्या शॉटला बर्फ. हे वाईटच असतं असं नाही. पण उडी मारायची तर आधीच्या प्रसंगात ताण साठलेला हवा. ताण नसताना वाद्यवृंद संवादाच्या शेवटच्या दोन वाक्यांवर हळूच चढवला की प्रेक्षक खुर्चीत सैल होतात. पूर्वी याच क्षणी बिडीकाडीवाले उठायचे, आता मोबाइल निघतात.

आता प्रत्यक्ष चित्रीकरणात काय होतं ते बघू, कारण निम्मी गाणी तिथेच मरतात. 'आलम आरा'च्या वेळी आवाज आणि चित्र एकाच फिल्मवर, एकाच वेळी. स्टुडिओशेजारून रेल्वे जायची, म्हणून काम रात्री. वाजवणारे चौकटीबाहेर कुठेतरी दडवायचे आणि नटाने माइकच्या टप्प्यात राहून गायचं. हलला की आवाज गेला. १९३५ मध्ये न्यू थिएटर्सने 'भाग्यचक्र' आणि त्याच्या हिंदी 'धूप छाँव'मध्ये गाणं आधी मुद्रित करून सेटवर वाजवलं, आणि नट मोकळा झाला. नाचा, पळा, झाडावर चढा.

पण ओठ जुळवणं हे वाटतं तितकं सोपं नाही. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. लाँग शॉटसाठी नटी स्पीकरपासून ३४ मीटरवर उभी केली, तर गाणं तिच्यापर्यंत दहांश सेकंद उशिरा पोचतं. सेकंदाला २४ फ्रेम्स म्हणजे जवळजवळ अडीच फ्रेम्सचा फरक. तेवढ्याने पडद्यावर ओठ मागे पडलेले दिसतात. उपाय साधा आहे, स्पीकर तिच्याजवळ झुडपात ठेवा किंवा कानात छोटा रिसीव्हर द्या. दुसरी चूक नटाची. नुसते ओठ हलवले की गळ्याच्या शिरा ढिल्या राहतात, छाती भरत नाही, आणि गाणारा वेगळाच आहे हे पोरालासुद्धा कळतं. म्हणून जाणता दिग्दर्शक सेटवर नटाला मोठ्याने गायला लावतो, बेसूर का होईना. गायकाने जिथे श्वास घेतला तिथेच नटाने घ्यायचा.

स्लो मोशनमध्ये ओठ जुळवायचे असतील तर आणखी कसरत. कॅमेरा ४८ फ्रेम्सवर चालवायचा आणि गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं. टेपच्या दिवसांत सूर एक सप्तक वर चढायचा, सेटवर चिमण्या गातायत असं वाटायचं. आता संगणकावर सूर न चढवता वेग वाढवता येतो. नटीने मात्र हसरा, शांत चेहरा ठेवून शब्द दुप्पट घाईने म्हणायचेच. पडद्यावर पदर संथ उडतो आणि ओठ बरोबर जुळतात ते यामुळे.

संकलनाचंही गणित आहे. मिनिटाला १२० ठोक्यांची लय असेल तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, म्हणजे १२ फ्रेम्स. चार मात्रांचं आवर्तन ४८ फ्रेम्सचं. प्रत्येक आवर्तनाला एक कट मारला तर चार मिनिटांत १२० शॉट होतात. हल्ली तेवढे होतातही, जास्तच होतात. त्यात पाय कधी दिसतच नाहीत. कंबर, डोळे, ड्रोन, परत कंबर. हॉलिवूडचा नाचणारा नट फ्रेड अस्टेअर, त्याचा आग्रह होता की नाचताना अख्खं शरीर चौकटीत हवं आणि कट कमीत कमी. नाचणाऱ्याला नाचता येत नसेल तर कट वाढतात, हे लहान मुलालाही सांगावं लागू नये.

गाण्याने कथेचं काम करायचं म्हणजे काय, यासाठी १९६० सालच उघडून बघा. त्या वर्षी बी. आर. चोप्रांचा 'कानून' आला, कोर्टातला खटला आणि एकही गाणं नाही. चांगला चालला. आणि त्याच वर्षी ५ ऑगस्टला 'मुघल-ए-आझम'. त्यातलं शीशमहालातलं गाणं काढून टाका बघू! अनारकली भर दरबारात बादशहासमोर सांगते की प्रेम केलंय, चोरी नाही. हे ती गद्यात बोलली असती तर पहिल्याच वाक्याला पहारेकऱ्यांनी ओढत नेली असती. ती नाचणारी आहे, नाच हा दरबाराचाच हुकूम आहे, म्हणून तिला पूर्ण मुखडा आणि सगळे अंतरे बोलायची मुभा मिळते. मग आरशांच्या छतात ती शेकडो ठिकाणी दिसते आणि बादशहाने नजर कुठे वळवायची हा प्रश्न पडतो. कृष्णधवल सिनेमात हा भाग रंगीत घेतला, त्यात दिमाख आहेच, पण कथेचा कणाही तिथेच आहे. गाणं संपतं तेव्हा कुणीही आधीच्या जागी राहिलेला नसतो. माझ्या लेखी यापुढे 'गाण्यांनी सिनेमा थांबतो' हा आरोप सरसकट करता येत नाही. गाणं गाण्यावर करा आरोप.

थांबवणारी गाणी मात्र ढिगाने आहेत, तेही कबूल करू. ओळखायची खूण सोपी आहे. अंतरा एक आणि अंतरा दोन यांची अदलाबदल करून बघा. काही बिघडलं नाही तर ते गाणं कपडे बदलण्यासाठी होतं. अशी पाच-पाच मिनिटांची सहा गाणी अडीच तासांच्या सिनेमात घातली की पाचवा हिस्सा उभ्या जागी धावण्यात गेला.

मधे एक उलटा प्रयोग झाला. २०१२ च्या 'ले मिझेराब्ल'मध्ये सगळे नट सेटवरच गायले. कानात छोटा रिसीव्हर, सेटबाहेर पियानोवाला त्यांच्या लयीने वाजवणार, वाद्यवृंद नंतर भरायचा. १९३१ ची अडचण आता हौस झाली! ॲन हॅथवेचं मुख्य गाणं जवळजवळ सगळं एका क्लोजअपमध्ये आहे आणि तिथे ही पद्धत फळाला येते. रडता रडता लय सैल होते, आणि तशीच ठेवता येते. पण अडीच तास तीच सैल लय आणि तेच नाकाजवळचे कॅमेरे म्हटल्यावर जीव गुदमरतो. पद्धत एका गाण्याला शोभली म्हणून सगळ्यांना लावू नये.

आपल्याकडे याच्या जवळची अडचण 'कट्यार काळजात घुसली'त आली. नाटक १९६७ चं, तेव्हा खाँसाहेब म्हणजे वसंतराव देशपांडे, गाणं आणि अभिनय एकाच छातीतून. २०१५ च्या सिनेमात खाँसाहेब सचिन पिळगांवकर आणि आवाज राहुल देशपांडे यांचा. शब्दाला ओठ जुळवता येतात, तानेला काय जुळवणार? तान ओठांत नसतेच. ती जबड्यात, मानेत, डाव्या हाताच्या बोटांत असते. पंडितजींच्या भूमिकेत शंकर महादेवन स्वतःच गातात, त्यामुळे एकाच सिनेमात दोन्ही शेजारी ठेवून बघता येतं.

शेवटी 'सैराट'. यावर इथे भांडण होणार हे मला दिसतंय. करमाळ्याकडच्या पोरांच्या गोष्टीला लॉस एंजेलिसमध्ये मुद्रित केलेला सिम्फनी वाद्यवृंद कशाला, असं विचारणारे आहेत. मला तो हवाच वाटतो, कारण त्या वयात स्वतःच्या प्रेमाचा आवाज एवढाच मोठा ऐकू येतो. पण खरी करामत गाण्यांच्या जागांमध्ये आहे. चारच गाणी, चारही पूर्वार्धात. 'झिंगाट'वर पोरं नाचून घामाघूम होतात आणि त्यानंतर दोघं पकडली जातात. तिथून पुढे, हैदराबादची खोली, पाणी भरणं, नोकरी, भांडणं, यात एकही गाणं नाही. आणि अखेरच्या प्रसंगात तर आवाजच काढून घेतलाय. पूर्वार्धात गाणी नसती तर ती शांतता कानांना कळलीच नसती.

आता दिवे घालवू. आधी फ्रेंच गॅरेज, मग शीशमहाल आणि शेवटी 'सैराट'चा शेवटचा तुकडा. शीशमहाल दोनदा लावणार आहे, पहिल्यांदा आवाज बंद ठेवून. गाणं लागलं की बाहेर जायची सवय असलेल्यांनी दाराजवळच्या खुर्च्या घ्या.