हरणाऱ्यांपासून मोजा: बाद पद्धतीच्या स्पर्धेतील निकालांचे गणित

मंडळी, जुलै २०२५मध्ये जॉर्जियातल्या बातुमीत महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक झाला. नागपूरच्या दिव्या देशमुखने अंतिम लढतीत कोनेरू हंपीला हरवून तो जिंकला. स्पर्धेत १०७ खेळाडू होत्या. ड्रॉ, म्हणजे कोण कुणाशी भिडणार याचा तक्ता, लागलेला आहे, पण पहिली चाल अजून व्हायची आहे. त्या क्षणी ही स्पर्धा किती वेगवेगळ्या प्रकारे संपू शकत होती?

आधी लढती मोजू. इथे बहुतेक जण फेऱ्यांचा तक्ता मांडायला बसतात. त्याची गरज नाही. बाद पद्धतीत प्रत्येक लढत बरोबर एकीला घरी पाठवते. १०७पैकी १०६ जणींना घरी जायचं आहे, म्हणून लढती १०६. पडताळा हवा असेल तर तोही घ्या. दोनला दुप्पट करत गेलात (२, ४, ८, १६...) तर १०७च्या पुढची पहिली संख्या १२८. त्यातून १०७ गेले, २१ उरले. म्हणजे वरच्या मानांकनाच्या २१ जणींना पहिल्या फेरीत न खेळताच पुढे चाल. उरलेल्या ८६ जणींच्या ४३ लढती होतात आणि दुसऱ्या फेरीत बरोबर ६४ जणी येतात. ४३ + ३२ + १६ + ८ + ४ + २ + १ = १०६.

लढत आणि डाव यांत मात्र गल्लत करू नका. दिव्या-हंपी लढतीत पारंपरिक वेळेचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले आणि निकाल जलद डावांच्या टायब्रेकमध्ये लागला. डाव कितीही झाले तरी आपल्या हिशेबात ती एकच लढत आणि तिचे शेवट दोनच.

म्हणून दोनला दोनने गुणत जायचं, असे १०६ दोन. उत्तर येतं ३२ आकडी. बातुमीत उपांत्य फेरीत हरलेल्या दोघींची तिसऱ्या क्रमांकासाठीही लढत होती. ती धरली की उत्तर दुप्पट होतं, ३३ आकडी. पुष्कळ जण इथे नुसते दोन मिळवतात, ते चूक. आधीच्या प्रत्येक निकालापुढे या लढतीचे दोन शेवट लागतात, म्हणून गुणाकारच हवा.

आता खरी शंका. पुढच्या फेरीत कोण येणार हेच माहीत नाही, मग तिथे दोनच शक्यता कशा? आठ संघांची कबड्डी स्पर्धा घ्या. उपांत्यपूर्व फेरीचे चार सामने, निकाल १६. आता पहिल्या उपांत्य सामन्याचा चौकोन बघा. तो चारपैकी कोणताही संघ जिंकू शकतो, म्हणून कुणी चारने गुणतो आणि तिथेच फसतो. चारपैकी कोणते दोन संघ तिथे पोचले, हे त्या १६ निकालांत आधीच मोजलं गेलंय. उरला फक्त त्या दोघांतला निवाडा. म्हणून १६ × ४ × २ = १२८, म्हणजे सात सामन्यांचे सात दोन.

याच तक्त्यात अंतिम सामन्याच्या जोड्या किती? आठांतून दोन निवडले तर २८ येतात. पण वरच्या अर्ध्यातले दोन संघ अंतिम फेरीत समोरासमोर येऊच शकत नाहीत, खालचेही नाहीत. त्या १२ जोड्या गेल्या, उरल्या १६.

ड्रॉच अजून काढायचा असेल तर? आठ नावं एकाखाली एक लिहिण्याचे प्रकार ४०,३२०. कुठल्याही सामन्यातली वरची आणि खालची बाजू अदलाबदल केली तरी ड्रॉ तोच राहतो. असे सामने सात, म्हणून १२८ने भागा. खरे वेगळे ड्रॉ ३१५. आता ३१५ला १२८ निकालांनी गुणा, पुन्हा ४०,३२०! हा योगायोग नाही. पूर्ण झालेल्या तक्त्यात प्रत्येक सामन्याचा विजेता वरच्या बाजूला घेत गेलात, तर आठ नावांचा एकच क्रम मिळतो आणि प्रत्येक क्रमातून असा एकच तक्ता. मला हा या विषयातला सगळ्यात देखणा भाग वाटतो.

आयोजकांसाठी एक गोष्ट. ११ संघ असतील तर पहिल्याच फेरीत पाच संघांना पुढे चाल द्या आणि तीन सामने खेळवा. काही ठिकाणी पाच सामने लावून एक संघ मोकळा ठेवतात. मग सहाचे तीन होतात आणि उपांत्य फेरीत पुन्हा एक संघ मोकळा. सामने दोन्हीकडे दहाच, निकाल १,०२४च. मोजणी बिघडत नाही, म्हणून चूक नजरेतून सुटते. पण एक संघ उपांत्य सामना न खेळताच अंतिम फेरीत बसलेला असतो.

हे सगळे निकाल सारख्याच शक्यतेचे असतात, असंही समजू नका. तुमचा प्रत्येक लढतीचा अंदाज ९० टक्के बरोबर येतो असं धरलं, तरी १०६च्या १०६ बरोबर येण्याची शक्यता सुमारे ७१ हजारांत एक.

शेवटी कुस्ती, कारण तिथे हरलेला लगेच घरी जात नाही. ऑलिंपिकच्या एका वजनगटात १६ मल्ल, मुख्य कुस्त्या १५. अंतिम फेरीत पोचलेल्या प्रत्येकाने वाटेत तिघांना हरवलेलं असतं. त्यातले पहिले दोघे रेपेचाजमध्ये, म्हणजे हरलेल्यांना दुसरी संधी देणाऱ्या फेरीत, एकमेकांशी लढतात आणि जिंकणारा तिसऱ्याशी कांस्यपदकासाठी. दोन बाजू मिळून चार कुस्त्या वाढल्या, एकूण १९. त्या कोण खेळणार हे निकालांवर ठरतं, पण संख्या चारच राहते, म्हणून इथेही दोनचाच गुणाकार चालतो: ५,२४,२८८.