चाप ओढल्याबरोबर

(दादरमधल्या एका उन्हाळी कार्यशाळेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. व्हिडिओ गेममधलं हत्यार घरी बनवायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो हुबेहूब दिसेल का, हा. मला आज दुसऱ्या टोकाकडून बोलायचं आहे. हुबेहूब दिसणारी पण मुकी वस्तू माणूस दोन मिनिटं बघतो आणि खाली ठेवतो. रंग एकोणीस-वीस असला तरी चालेल, पण चाप ओढल्याबरोबर उजेड पडला आणि आवाज आला, तर तीच वस्तू कुणी हातातून सोडत नाही. बोट, उजेड आणि आवाज या तिघांची वेळ जुळणं हा या कामाचा जीव आहे. बाकी सगळं त्याच्या सोयीने आखायचं.

उदाहरणाला मी घेतली आहे ‘पोर्टल’ या गेममधली पोर्टल गन. व्हॉल्व कंपनीने हा गेम २००७ साली आणला. डिजिपेन या अमेरिकेतल्या संस्थेच्या विद्यार्थ्यांनी ‘नार्बाक्युलर ड्रॉप’ नावाचा एक छोटा गेम केला होता. त्यातली कल्पना व्हॉल्वला आवडली आणि त्यांनी त्या मुलांनाच कामावर घेतलं. ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी सांगते: ही बंदूक गोळी झाडत नाही. एका भिंतीवर निळं दार उघडते, दुसऱ्या भिंतीवर नारिंगी. एकातून शिरायचं, दुसऱ्यातून बाहेर पडायचं, आणि ज्या वेगाने शिराल त्याच वेगाने बाहेर फेकले जाल. पांढरं गुबगुबीत कवच, पुढे तीन काळे पंजे, मधे पारदर्शक नळी. ती खऱ्या बंदुकीसारखी दिसत नाही, हे मुंबईसारख्या गर्दीच्या शहरात फार सोयीचं. शिवाय शेवटी ज्या रंगाचं दार उघडलं, तोच रंग बंदुकीवर पेटलेला राहतो. म्हणजे इथे उजेडाला काम आहे, खेळणाऱ्याला तो काही सांगत असतो.

गिरगाव, लालबाग, परळच्या मंडळींना हे काही नवीन नाही. गणपतीतले हलते देखावे आपण लहानपणापासून बघत आलो. निवेदनात राक्षसाचं नाव आलं की त्याच क्षणी राक्षसावर लाल झोत पडायचा, मोटर फिरायची, हात वर जायचा. पुतळ्याचं नाक जरा वाकडं असलं तरी रांगेतली पोरं दचकायची, ती त्या वेळेच्या नेमकेपणामुळे. पडद्यामागे बटणांच्या फळीशी बसणारा कार्यकर्ता जे हाताने करत होता, ते आता बोटभर लांबीचं सर्किट करतं. विद्या तीच आहे, आणि ती आपल्या गल्लीतली आहे याचा मला अभिमान वाटतो.

म्हणून खरेदीची सुरुवात फोमपासून करू नका, लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारापासून करा. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरलात की चालत गाठता येतो. लागतं ते असं: एक आर्डुइनो नॅनो (प्रोग्राम घालता येतो असं छोटं सर्किट), आवाजासाठी डीएफप्लेअर मिनी आणि मायक्रो एसडी कार्ड, आठ ओहमचा तीन वॉटचा छोटा स्पीकर, दोन मायक्रोस्विच म्हणजे बारीक बटणं आणि डब्ल्यूएस २८१२बी जातीची सोळा दिव्यांची एलईडी पट्टी. या पट्टीतल्या प्रत्येक दिव्याच्या पोटात स्वतःची चिप असते. माहितीची एकच वायर पहिल्या दिव्याला जोडायची. तो पहिले २४ बिट, म्हणजे स्वतःच्या रंगाची माहिती, स्वतःसाठी ठेवतो आणि उरलेली माहिती पुढच्याकडे सरकवतो. पुढचाही तेच करतो. म्हणून सोळा दिव्यांना सोळा वेगळे रंग देता येतात, तेही आर्डुइनोची एकच पिन खर्चून. पूर्ण पांढरा पेटला तर एक दिवा साधारण ६० मिलिअँपिअर ओढतो, म्हणजे सोळा मिळून जवळपास एक अँपिअर. नुसता निळा पेटवला तर याचा तिसरा हिस्सा. माहितीच्या वायरीत ४७० ओहमचा रेझिस्टर घाला आणि पट्टीच्या प्लस-मायनसवर १००० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर लावा. दहा-वीस रुपयांच्या वस्तू, पण पहिला दिवा जळण्यापासून वाचवतात.

हे सगळं आधी उघड्या टेबलावर चालू करा. कवच नाही, रंग नाही, नुसत्या वायरी. इथेच वेळ जुळवायची, कारण कवच चढल्यावर ते करणं म्हणजे डोकेदुखी.

वेळेचं गणित जरा सावकाश सांगते. टीव्हीच्या प्रसारणासाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने आकडे ठरवून दिले आहेत. आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद आधी आला किंवा १२५ मिलिसेकंद मागे पडला, तर बघणाऱ्याच्या लक्षात येऊ लागतं. मागे पडलेला आवाज आपण जास्त खपवून घेतो, कारण निसर्गातही उजेड आधी पोचतो आणि आवाज नंतर. आता डीएफप्लेअरकडे बघा. हुकूम मिळाल्यावर तो कार्डावर फाइल शोधतो, उघडतो, मग वाजवतो. यात थोडा वेळ जातोच. त्यात फाइल एमपी३ असेल तर एन्कोडरने सुरुवातीला घातलेली बारीकशी शांतताही वाजते. म्हणून फाइल डब्ल्यूएव्ही, म्हणजे आवाज न दाबता साठवणारी, घ्या आणि ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्राममध्ये मोठी करून लाट जिथून उठते तिथपर्यंतचा भाग कापून टाका. एवढं करूनही किंचित उशीर उरतो. तो लपवायला मी उजेड एकदम पूर्ण पेटवत नाही. चाप दाबताक्षणी नळीच्या मागच्या टोकाचे दोन दिवे जरा उजळतात, उजेड पुढे पळत येतो आणि तोंडाशी पोचून भडकतो, तेव्हा नेमका आवाज येतो. बोटाला लगेच उत्तर मिळतं आणि डोळ्याला वाटतं, आतून काहीतरी जमून बाहेर पडलं. उशीर होताच, तो आपण नाट्यात बसवला.

आणखी एक. प्रोग्राममध्ये वाट बघायला ‘डिले’ हा थांबण्याचा हुकूम लिहू नका. डिले चालू असताना आर्डुइनो बहिरा असतो. पोराने दुसऱ्यांदा चाप ओढला तर ते त्याला कळतच नाही. ‘मिलिस’ हा वेळ सांगणारा हुकूम वापरून घड्याळ बघत राहायचं, चापाकडेही बघत राहायचं. आणि मायक्रोस्विच दाबला की आतली धातूची पत्ती काही मिलिसेकंद थरथरते, त्यामुळे एक दाब चार-पाच दाब मोजला जातो. पहिला दाब धरून पुढचे वीस-तीस मिलिसेकंद सोडून द्यायचे.

नारिंगी रंग पुष्कळांना चकवतो. स्क्रीनवर नारिंगीचे आकडे, शून्य ते २५५ या मोजपट्टीवर, लाल २५५, हिरवा १६५ असे असतात. तेच एलईडीला दिले तर लिंबासारखा पिवळा दिसतो, कारण स्क्रीन ते आकडे सरळ उजेडात बदलत नाही आणि एलईडी बदलतो. हिरवा ८० च्या आसपास आणा, मग डोळ्याने बघून कमीजास्त करा. दिव्याचा ठिपका मात्र कधीही उघडा दिसता कामा नये. ठिपका दिसला की पट्टी दिसते, आणि पट्टी दिसली की बंदूक संपली. अ‍ॅक्रिलिकची नळी आतून ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, ती दुधाळ होते. नळीत आकाशकंदिलाचा पांढरा कागद गुंडाळून बसवला तरी सुंदर काम होतं. दिवाळीच्या आधी माहीमच्या कंदील गल्लीत एकदा चक्कर मारा आणि बघा, आतला बल्ब कुठेच दिसत नाही, नुसता कंदील उजळलेला असतो. दिवा आणि कागद यांच्यात अंतर ठेवलं की उजेड पसरतो; कागद दिव्याला चिकटवला की ठिपका तसाच राहतो.

आवाज गेममधून उचलण्यापेक्षा स्वतःचा तयार करा, त्यात खरी मजा आहे. आपल्याकडे तर खजिना रोज फलाटावर येतो. लोकल सुटताना मोटरचा सूर चढत जातो, कारण गाडीतलं इन्व्हर्टर नावाचं यंत्र मोटरला जाणाऱ्या विजेची फ्रिक्वेन्सी वाढवत नेतं. मोबाइलवर तो टिपा, वेग दुप्पट करा, खालचे घनगंभीर सूर छाटा. बंदूक ‘भरतानाचा’ असा आवाज मला दुसरीकडे कुठे मिळाला नाही. मी आणलेल्या या बंदुकीत तोच आहे, मघाशी ऐकवला तेव्हा कुणीच लोकल ओळखली नाही. डीएफप्लेअर एका वेळी एकच फाइल वाजवतो, दोन आवाज एकत्र करत नाही. म्हणून मागची घरघर हवी असेल तर झाडण्याच्या फाइलमध्येच ती खालून मिसळून ठेवायची, नाहीतर प्रत्येक वेळी घरघर तुटल्याचं कानाला टोचतं. स्पीकरही मोकळा टांगू नका. त्याच्या पुढून निघणारी लाट आणि मागून निघणारी लाट उलट असतात, त्या एकमेकींना खातात आणि आवाज पिचका येतो. पीव्हीसी पाइपच्या तुकड्याला टोपण लावून त्यात स्पीकर घट्ट बसवला की तोच स्पीकर दमदार वाजतो.

आता कवच. मधला कणा पीव्हीसी पाइपचा, वरचं गोलाईचं अंग लहान मुलांच्या खोलीत जमिनीवर टाकतात त्या ईव्हीए फोमच्या मॅटचं. सपाट फोमला गोलाई आणायची तर ब्लाऊजला टक्स घालतात तसे त्रिकोण कापून कडा जोडायच्या. फेविबाँड दोन्ही कडांना लावा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबा आणि मग एकदाच दाबा. हीट गनने वरून हलकी ऊब दिली की फोमची भोकं मिटतात. मग पाणी घातलेल्या फेविकॉलचे तीन-चार हात, वर प्रायमर, वर पांढरा स्प्रे. पावसाळ्यात स्प्रे मारू नका. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतला ओलावा त्यावर बसतो आणि चकचकीत काळ्या पंजावर पांढुरका धुरकटपणा येतो. आणि पीव्हीसी गरम करायचा तर मऊ होण्यापुरताच. करपला तर त्यातून निघणारा वायू छातीला फार वाईट. खिडकी उघडी हवी, पोरं लांब हवीत.

कवच कायमचं चिकटवून बंद करू नका, एवढं माझं कळकळीचं सांगणं आहे. एक वायर सुटते, कार्ड हलतं, आणि बंद कवच असलं की सगळी मेहनत कापावी लागते. ही बंदूक खालच्या अंगाने चार स्क्रूवर उघडते.

विजेसाठी मुलांनी पॉवर बँक वापरावी. १८६५० नावाचे लिथियमचे सेल ताकदवान असतात, पण शॉर्ट झाले तर पेट घेतात. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले तर घरात आणूच नका. पॉवर बँकेची एक खोड आहे: फारच कमी करंट ओढला तर ती आपोआप बंद होते. म्हणून बंदूक नुसती हातात असतानाही नळीत मंद उजेड चालू ठेवायचा. गेममध्येही तो असतोच, त्यामुळे दोन्ही कामं होतात.

कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिक्स-गेमच्या चाहत्यांच्या मेळ्याला, नेणार असाल तर पंजे आणि नळी वेगळी करून पिशवीत न्या. स्टेशनवर किंवा मेट्रोच्या तपासणीत कुणी विचारलं तर पिशवी उघडून शांतपणे दाखवा, आणि प्रवेशद्वारावर प्रॉप तपासून घेण्यासाठी वेळ राखून निघा. खऱ्या बंदुकीसारखं दिसणारं काही केलं असेल तर ते रस्त्यात हातात धरून चालायचंच नाही. समोरच्याला ते खोटं आहे हे कळायला वाव नसतो.

लॅमिंग्टन रोडची बहुतेक दुकानं रविवारी बंद असतात, तेव्हा शनिवारीच जा. स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवला आहे. ज्यांना आतलं बघायचं आहे त्यांनी पुढे या, आधी पॉवर बँकेची वायर काढा.