माशीला अंतर कोण शिकवतं?

(नारायणगावातल्या श्रोत्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, डाळिंब फुलावर आलं, बियाण्याच्या कांद्याचे गोंडे उमलले की आपल्याकडे मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणून बांधावर ठेवतात. तुमच्यातल्या काहींनी ठेवल्याही असतील. आज त्या पेटीपासूनच सुरुवात करतो, कारण अलीकडे विज्ञानात जे काही वाचलं, त्यात मला सगळ्यात जास्त भिडलं ते तिथलंच संशोधन.

पेटीत काळोख असतो. बाहेर फुलोरा शोधून आलेली माशी उभ्या पोळ्यावर पोट हलवत सरळ चालते, वळसा घालून मागे येते, पुन्हा तशीच चालते. या नाचाचा अर्थ कार्ल फॉन फ्रिश यांनी लावला. १९७३ साली त्यांना नोबेल मिळालं. तिची चाल उभ्या रेषेशी जो कोन करते, सूर्याच्या दिशेशी तोच कोन धरून उडालं की फुलं सापडतात. पोट हलवत ती जितका वेळ चालते, तितकं अंतर. बाकीच्या माश्या तिच्या मागे मागे फिरून, मिशांनी तिला चाचपून हा निरोप घेतात.

हे सगळं माशीला उपजतच येतं, असं बराच काळ मानलं जायचं. मार्च २०२३ मध्ये चिनी आणि अमेरिकी संशोधकांचा एक प्रयोग ‘सायन्स’मध्ये छापून आला. त्यांनी काही वसाहती फक्त एका दिवसाच्या माश्यांच्या केल्या. घरात मोठं कोणी नाही, नाचून दाखवणारं कोणी नाही. शेजारी तुलनेसाठी नेहमीच्या वसाहती, जिथे लहान माश्या आधी काही दिवस जाणत्यांच्या मागे फिरतात आणि मग स्वतः नाचायला लागतात.

पोरक्या वसाहतींतल्या माश्याही वय झाल्यावर नाचल्या. म्हणजे नाच अंगात होताच. पण पहिला नाच विस्कळीत होता, दिशा चुकत होती, अंतरही प्रत्यक्षापेक्षा जास्त सांगितलं जात होतं. साधारण वीस दिवसांनी त्याच माश्या पुन्हा तपासल्या. दिशा बरीच सुधारली होती, नाचात शिस्त आली होती. अंतर मात्र चुकलेलंच राहिलं. पुढे त्यांनी कितीही नाच पाहिले, स्वतः कितीही केले, तरी ती चूक आयुष्यभर गेली नाही.

ही गोष्ट मी पुन्हा पुन्हा वाचली. काही चुका सरावाने सुटतात आणि काही सुटत नाहीत. दोन्ही एकाच माशीत, एकाच नाचात. शिकायचे ते सुरुवातीचे दिवस एकदा हातचे गेले की गेले.

माशीचं माणसाला जसंच्या तसं लावता येत नाही, हे आधीच सांगतो. तरी कचेरीत नव्याने लागलेल्या आणि पहिलं वर्ष घरातल्या लॅपटॉपसमोर काढलेल्या मुलामुलींशी बोलताना हा प्रयोग माझ्या डोक्यातून जात नाही. जुना माणूस फोनवर गिऱ्हाइकाला कसा समजावतो, कुठे थांबतो, कोणता कागद आधी बघतो, हे त्यांच्या कानावर आणि नजरेला पडलंच नाही. त्याची भरपाई कशी करायची, हा प्रश्न मला खरंच महत्त्वाचा वाटतो.

कामाच्या जागी माणसं एकमेकांशी कशी बोलतात, यावरही चांगलं संशोधन झालं आहे. मेलनी ब्रक्स आणि जोनाथन लेवाव यांचा अभ्यास २०२२ साली ‘नेचर’मध्ये आला. ६०२ जणांच्या जोड्या केल्या. काही जोड्या एका खोलीत, काही व्हिडिओ कॉलवर. एखाद्या वस्तूचे नवे उपयोग सुचवायचे आणि त्यातला उत्तम निवडायचा. कॉलवरच्या जोड्यांना कल्पना कमी सुचल्या. निवड करण्यात मात्र त्या मागे पडल्या नाहीत. पाच देशांतल्या जवळजवळ दीड हजार इंजिनिअरांमध्ये, त्यात भारतातलेही होते, सुचण्याच्या बाबतीत तेच दिसलं. कारण मोठं साधं आहे. कॉलवर नजर पडद्याला चिकटून राहते. खोलीत ती इकडेतिकडे भटकते, आणि नजरेबरोबर विचारही भटकतो. तेव्हा ठरवायची बैठक कॉलवर खुशाल घ्या. सुचायला हवं असेल तेव्हा माणसं एका खोलीत बसवा.

मग लांब राहून काहीच साधत नाही का? साधतं. त्याचा दाखला नारायणगावाजवळच, आपल्या खोडदला उभा आहे.

खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या तुम्ही रोज बघता. त्या इतर गोष्टींबरोबर पल्सारही ऐकतात. पल्सार म्हणजे गरगर फिरणारे मृत तारे. त्यातले काही सेकंदाला शेकडो फेऱ्या घेतात आणि त्यांचे ठोके घड्याळासारखे नेमके येतात. विश्वात प्रचंड कृष्णविवरांच्या जोड्या एकमेकांभोवती फिरत असतील, तर अवकाशात इतके संथ तरंग उठतील की एका तरंगाला वर्षंच्या वर्षं लागतील. अशा तरंगांमुळे पल्सारचे ठोके मायक्रोसेकंदापेक्षाही कमी फरकाने मागेपुढे होतात. एका पल्सारचा ठोका चुकला तर त्यावरून काहीच कळत नाही. त्याला छप्पन्न कारणं असतील. अनेक पल्सारांच्या चुका एकमेकींशी ताडून पाहिल्या आणि आकाशातल्या त्यांच्यामधल्या कोनाप्रमाणे त्या जुळल्या, तरच हे काम तरंगांचं असं म्हणता येतं.

२९ जून २०२३ रोजी एकमेकांपासून लांब बसून काम करणाऱ्या जगभरच्या गटांनी अशा जुळणीचा पुरावा मांडला. युरोपच्या गटाबरोबर त्यात खोडदची निरीक्षणं होती. वाटेतल्या वायूमुळे ठोक्यांना लागणारा उशीर कमी वारंवारतेवर मोठा दिसतो, म्हणून तो मोजून वजा करायला आपली दुर्बीण फार उपयोगी पडली. शोध लागला असं म्हणायची शास्त्रज्ञांची कसोटी कडक असते. तेव्हा ती पार झाली नव्हती, आणि त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं. मला त्याचाही अभिमान वाटतो.

मघाशी एका ताईंनी विचारलं, आपल्या सातेरीचं, म्हणजे इथल्या देशी मधमाशीचं काय? सातेरीही नाचते. तेच अंतर सांगायला तिला आणि विलायती मेलीफेराला वेगवेगळा वेळ लागतो, बोलीत फरक पडावा तसा. २००८ साली चीनमध्ये या दोन्ही जातींच्या माश्या एकाच वसाहतीत ठेवून पाहिल्या. तिथल्या सातेरीने मेलीफेराचा नाच पाहिला, आणि ती बरोबर त्या फुलांच्या जागी जाऊन पोचली.