शार्प पार्कचं पाणी

नमस्कार, श्रोतेहो.

आज बोलायचंय ते एका गोल्फच्या मैदानाबद्दल, एका बेडकाबद्दल आणि एका सापाबद्दल. मैदान कॅलिफोर्नियातलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला पॅसिफिका नावाचं गाव आहे, तिथं प्रशांत महासागराला अगदी खेटून. नाव शार्प पार्क. जागा पॅसिफिकात, पण मालकी सॅन फ्रान्सिस्को शहराची. 1917 साली ही जमीन शहराला दान मिळाली, ती लोकांच्या विरंगुळ्यासाठी वापरायची या अटीवर. म्हणून इथं क्लबचं सभासदत्व लागत नाही. फी भरायची आणि खेळायला उतरायचं.

या मैदानाच्या सखल भागात लगुना सालादा नावाचं तळं आहे. तिथं तांबड्या पायांचा कॅलिफोर्निया बेडूक राहतो. 1996 पासून तो सरकारच्या संरक्षित यादीत आहे. आणि तिथंच सॅन फ्रान्सिस्को गार्टर साप राहतो. पाठीवर निळसर हिरवा पट्टा, त्याला लागून लाल आणि काळा. अमेरिकेची धोक्यातल्या प्राण्यांची पहिली यादी 1967 साली निघाली, तेव्हापासून तो तिच्यात आहे. माणसाला त्याच्यापासून काही धोका नाही. साप दिसला की आधी काठी शोधायची, ही सवय आपण सगळ्यांनीच सोडायला हवी, असं मला फार मनापासून वाटतं. असो. हा साप जगतो मुख्यतः बेडकांवर. बेडूक गेला की साप गेला, एवढं लक्षात ठेवा.

आता भांडण कशाचं? पाण्याचं. तिथं पाऊस हिवाळ्यात पडतो. तळं भरून वाहतं, पाणी हिरवळीवर चढतं, खेळ थांबतो. मग पंप लावून पाणी समुद्रात सोडतात. आणि नेमकी तीच वेळ बेडकीची अंडी घालायची. उथळ पाण्यात, लव्हाळ्याला चिकटवून, पृष्ठभागाच्या जवळ ती अंड्यांचा पुंजका ठेवते. पाणी वीतभर उतरलं तरी पुंजका उघडा पडतो आणि वाळून जातो. पुन्हा सांगते: ज्या पाण्यामुळे खेळ थांबतो, त्याच पाण्यात बेडकाची पुढची पिढी असते.

आणि आता एका डॉक्टरची गोष्ट. ही सांगायला मला नेहमीच आवडतं.

अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी हे इंग्लंडमधले शल्यचिकित्सक. बोअर युद्ध सुरू झालं तेव्हा ते ब्रिटिश सैन्याबरोबर दक्षिण आफ्रिकेत गेले. समोर होते बोअर शेतकरी, म्हणजे तिथं पिढ्यान्‌पिढ्या राहणारे, मूळच्या डच वसाहतकऱ्यांचे वंशज. संख्येनं कमी, पण इंग्रजांच्या फौजेला ते दिसतच नसत. डॉक्टर जखमींवर उपचार करत होते आणि त्यांच्या मनात एकच प्रश्न होता: हे लोक लपतात तरी कुठे? मग त्यांनी बोअरांचे खंदक नीट पाहिले. बोअर जमिनीचा चढउतार आधी वाचत. जिथं नैसर्गिक आडोसा असेल तिथं तो वापरत, जिथं नसेल तिथं असा तयार करत की तो मातीचाच भाग वाटावा. समोरून पाहणाऱ्याला गवत दिसे, माणूस दिसत नसे.

डॉक्टर परत आले ते हे डोक्यात घेऊन. पुढे त्यांनी वैद्यकी सोडली आणि गोल्फची मैदानं आखायला लागले. त्यांचे वाळूचे खड्डे, उंचवटे, उतार असे असत, जणू वाऱ्यानं आणि पाण्यानंच केलेत. पहिल्या महायुद्धात तर सैन्यानं त्यांना याच कामाला लावलं, लपण्याची कला शिकवायला. खंदक लपवणं आणि मैदान आखणं या दोन्हींत त्यांचं तत्त्व एकच: माणसानं केलेलं काम निसर्गाहून वेगळं दिसता कामा नये. अमेरिकेतलं जगप्रसिद्ध ऑगस्टा नॅशनल मैदान गोल्फपटू बॉबी जोन्सबरोबर त्यांनीच आखलं.

आणि हेच मॅकेन्झी शार्प पार्कचे शिल्पकार. 1932 साली ते मैदान खुलं झालं. जगभरच्या श्रीमंत क्लबांनी ज्यांना बोलावलं, त्यांनी समुद्राकाठी सर्वसामान्यांसाठी खेळाची जागा आखली. दोनच वर्षांत, 1934 च्या जानेवारीत, ते वारले. निसर्गापासून वेगळं दिसू नये म्हणून आयुष्यभर धडपडलेल्या माणसाच्या मैदानात आज गवतासारखाच दिसेनासा होणारा एक साप राहतो! मला हे आठवलं की दर वेळी अंगावर काटा येतो.

पण समुद्रानं त्यांची आखणी टिकू दिली नाही. वादळी लाटांनी किनाऱ्याकडचा भाग मोडला, काही होल, म्हणजे चेंडू मारत पार करायचे मैदानाचे टप्पे, आत हलवावे लागले, किनाऱ्यावर मातीचा बांध घातला गेला. बांधानं खारं पाणी अडलं, तळ्याचं पाणी गोडं होत गेलं. बेडकाला हवं असतं गोडं पाणी. म्हणून खेळाडू म्हणतात, आमच्या बांधामुळेच तर बेडूक जगला. यात तथ्य आहे. मी ते नाकारणार नाही.

2011 साली निसर्गप्रेमी संस्था न्यायालयात गेल्या. त्याच डिसेंबरात शहराच्या प्रतिनिधी मंडळानं जागा राष्ट्रीय उद्यान खात्याकडे देण्याच्या दिशेनं ठराव केला, तर महापौर एड ली यांनी नकाराधिकार वापरला. 2012 मध्ये केंद्रीय वन्यजीव खात्यानं अटी घालून खेळ चालू ठेवायला परवानगी दिली आणि तो दावा निकाली निघाला.

वर्तमानपत्रं अशा वेळी 'माणूस की बेडूक' असा मथळा देतात. तो मला अजिबात पटत नाही. त्या मैदानावर रोज चार-पाच मैल चालणारी वयस्क माणसं आहेत. म्हातारपणी पाय चालते ठेवायला सोबत आणि मोकळी हवा लागते, हे प्रत्येक शहरानं मनावर घ्यायला हवं. त्यांच्याकडून सगळं मैदान काढून घ्यावं असं मी म्हणणार नाही. पण तळ्याला लागून असलेले, दर हिवाळ्यात बुडणारे होल पाण्याला परत द्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. मैदान आत सरकू शकतं, एकदा सरकलंही आहे. या सापाला मात्र पॅसिफिका ज्यात येतं तो सॅन मातेओ परगणा आणि त्याच्या आसपासची थोडी जमीन सोडली तर जगात दुसरं घर नाही. बांध घातला म्हणून बेडूक जगला असेल, तर अंडी फुटेपर्यंत पंप थांबवणं हे त्याच कामाचं पुढचं पाऊल आहे. तेवढे आठवडे चेंडू कोरड्या बाजूला मारता येतील.