दारूच्या बाटल्यांची झाकणं आणि घानाचं केंटे

नमस्कार मंडळी, रेडिओवर बसून चित्र दाखवायचं म्हणजे अवघडच काम आहे, पण आज करून बघूया. डोळ्यांपुढे एक भलामोठा पडदा आणा. सोनेरी, मधेमधे लाल आणि काळे पट्टे, भिंतीवरून खाली लोंबतोय, चुण्या पडल्यात, लांबून बघितलं तर कुठल्यातरी राजवाड्यातलं भरजरी वस्त्र असणार असंच वाटतं. आता चालत जवळ जा. अजून जवळ. हां, दिसलं का? दारूच्या बाटल्यांची झाकणं आहेत ती, अ‍ॅल्युमिनियमची, हजारोंनी, चेपलेली, मुडपलेली आणि तांब्याच्या बारीक तारेने एकमेकांना बांधलेली.

हे काम शिल्पकार एल अनात्सुई यांचं. जन्म १९४४, पश्चिम आफ्रिकेतल्या घानातलं अन्याको नावाचं खाडीकाठचं गाव, आणि ३२ भावंडांत हे शेंडेफळ! वडील केंटे विणायचे, भाऊपण विणायचे. केंटे म्हणजे तिकडचं मानाचं कापड, त्याची गंमत अशी की माग अरुंद असतो, त्यामुळे जेमतेम चार बोटं, फारतर वीतभर रुंदीची लांबच लांब पट्टी निघते, मग अशा बऱ्याच पट्ट्या काठाला काठ लावून शिवायच्या की झालं अंगावर घ्यायचं वस्त्र. ही पट्टी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. पण हा मुलगा काही मागावर बसला नाही. आई लहानपणीच गेली, पाद्री असलेल्या एका नातेवाइकांच्या घरी वाढला, शाळा मिशनची.

पुढे घानातल्याच कुमासी शहरात आर्टचं शिक्षण घेतलं, १९६९ ला बाहेर पडले. देश १९५७ लाच स्वतंत्र झालेला पण कॉलेजातला अभ्यासक्रम ब्रिटिश तो ब्रिटिशच, युरोपातले पुतळे, युरोपातले चित्रकार. मग हे काय करायचे, तर गावातल्या कल्चरल सेंटरमधे जाऊन बसायचे, तिथे ढोल वाजवणारे, विणणारे, आणि कापडावर आदिंक्राचे छाप मारणारे कारागीर असायचे. आदिंक्रा म्हणजे चिन्हं, आणि प्रत्येक चिन्हाला अर्थ. एक आहे सांकोफा, मान मागे वळवलेला पक्षी, म्हणजे मागे जा आणि राहिलेलं घेऊन ये. खरं शिक्षण त्यांचं इथे झालं असं माझं मत, कॉलेजने नाराज होऊ नये!

सुरुवातीची कामं पण बघा, बाजारात बायका ज्या लाकडी ताटांत माल मांडून विकायला बसतात ती गोल ताटं घेतली आणि तापवलेल्या सळईने त्यावर ही चिन्हं डागली. १९७५ ला नायजेरियात न्सुक्काच्या युनिव्हर्सिटीत शिकवायला गेले ते पुढची बरीच वर्षं तिथेच राहिले. तिथे मातीची फुटकी भांडी करायला घेतली. त्याच नायजेरियात नोक नावाची जुनी संस्कृती होऊन गेली, दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्यांच्या भाजलेल्या मातीच्या मूर्ती सापडतात, त्याही बऱ्याचशा मोडक्याच. तर ते सगळं या भांड्यांमागे आहे. मग लाकडाच्या फळ्या, त्यावर चेनसॉ म्हणजे मोटरवर चालणारी करवत चालवायची, ती खरखरून ओरबाडत जाते आणि तो ओरखडा म्हणजे युरोपवाल्यांनी आफ्रिकेचे कसे तुकडे पाडले त्याची खूण.

झाकणं आली १९९८ च्या सुमाराला. न्सुक्काजवळ फिरताना टाकून दिलेली झाकणांची पिशवी सापडली. आता इथे मला जरा भांडायचंय. यांच्याबद्दल काही आलं की हेडिंग ठरलेलं, कचऱ्यातून कला, टाकाऊतून टिकाऊ, जणू शाळेतला हस्तव्यवसायाचा तास चाललाय. अहो, झाकण दारूचंच का, ते बघा की! युरोपची जहाजं आफ्रिकेच्या किनाऱ्याला दारू घेऊन आली, दारू आणि बाकीचा माल देऊन माणसं घेतली, ती माणसं अमेरिकेकडच्या उसाच्या मळ्यांत राबली, त्या उसाची साखर आणि रम परत युरोपला गेली. मग हातात धरलेलं ते झाकण कुठून कुठे फिरून आलंय याचा विचार करा.

करायची पद्धत म्हणाल तर त्यांच्या वर्कशॉपमधे बरीच पोरं बसलेली असतात. कोणी झाकण ठोकून सपाट करतंय, कोणी गळ्याकडची पट्टी कापून तिची कडी वळवतंय, भोकं पाडायची, तार ओवायची, पिळायची. असे छोटे छोटे तुकडे तयार होतात, ते जमिनीवर पसरायचे, फोटो काढायचा, हा इकडे तो तिकडे, परत फोटो. पट्टीला पट्टी जोडायची. वडिलांच्या मागावर न बसलेला मुलगा म्हातारपणी शेवटी तेच करतोय, फक्त सूत बदललं.

२००७ ला व्हेनिसमधे फोर्तुनी नावाच्या जुन्या वाड्याच्या दर्शनी भिंतीवरच असं एक वस्त्र सोडलं होतं, आणि जागोजागी मुद्दाम फाटकं ठेवलं, म्हणजे आतली भिंत दिसावी. २०१५ ला व्हेनिसच्याच बिनालेने, म्हणजे तिथे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या मोठ्या कलाप्रदर्शनाने, त्यांना आयुष्यभराच्या कामासाठी गोल्डन लायन हा पुरस्कार दिला. २०२३ ला लंडनच्या टेट मॉडर्न या म्युझियममधल्या त्या अवाढव्य टर्बाइन हॉलमधे तीन कामं टांगली, पहिलं जहाजाच्या शिडासारखं, त्यावर लाल चंद्र. आणि हे टेट कोण, तर हेन्री टेट, साखरेचे व्यापारी. त्या नावाच्या इमारतीत जाऊन साखर आणि रमची गोष्ट टांगायची, मला तर हे फार आवडलं.

शेवटी एकच सांगतो. हे काम म्युझियमला जातं तेव्हा घडी घालून पेटीत जातं, आणि ते कसं टांगायचं ते त्यांनी सांगितलेलंच नसतं. चुण्या कुठे, उंचवटा कुठे, ते टांगणाऱ्यांनी ठरवायचं. केंटे खांद्यावरून घेतात ना, आपलं उपरणं किंवा नऊवारी घेतो तसंच की, घडीत असतं तेव्हा त्याला आकार नसतो, नेसणाऱ्याच्या अंगावर येतो. म्युझियमवाले मात्र पहिल्यांदा गोंधळतात, कागद शोधतात पेटीत, काही सूचना आहेत का म्हणून. नसतात. मग चार माणसं शिडी लावून चढतात, एक खालून ओरडतो, अजून थोडं डावीकडे घ्या.