जोर गेला कुठे?

शिक्षक-पालकहो,

‘बल म्हणजे ढकलणे किंवा ओढणे’ ही व्याख्या आपल्या बहुतेक मुलांना पाठ असते, आणि तरीही घरंगळणारी गोटी का थांबली असे विचारले की त्यांचे उत्तर ठरलेले असते: ‘तिच्यातला जोर संपला.’ पुण्यातल्या मुलांबरोबर प्रयोग करताना हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे, की आज त्याविषयीच बोलावे असे मी ठरवले.

हे उत्तर चूक असले तरी अविचाराचे नाही. ढकलणे थांबले की वस्तू थांबते, हा मुलांचा रोजचा अनुभव आहे आणि ॲरिस्टॉटलचे मतही त्याच्या जवळचेच होते. चौदाव्या शतकात पॅरिसमधल्या झाँ बुरिदाँ या विद्वानाने, फेकलेल्या वस्तूत एक प्रकारची प्रेरणा भरली जाते असे मांडले. मुलांचा ‘जोर’ तो हाच. मात्र ही प्रेरणा आपोआप संपत नाही, हवेचा अडथळा आणि वस्तूचे वजन ती संपवतात, असेही त्याने म्हटले होते. मुलांचा हात धरायचा तो इथे. जोर संपला हे मान्य. पण तो गेला कुठे?

यासाठी आम्ही एका पाटाला दोन खिळे ठोकून त्यांच्यामध्ये रबर लावतो आणि ते दर वेळी पेन्सिलीच्या एकाच खुणेपर्यंत ताणून कॅरमचा स्ट्रायकर सोडतो. धक्का सारखाच हवा, नाहीतर तुलनेला अर्थ राहत नाही. सतरंजीवर स्ट्रायकर जेमतेम वीतभर सरकतो, शहाबादी फरशीवर त्याहून बराच पुढे जातो आणि बोरिक पावडर टाकलेल्या कॅरमबोर्डावर समोरच्या कडेवर आपटून परत येतो. एकदा चौथीतल्या एका मुलीने सतरंजीवरून तळहात फिरवला, मग बोर्डावरून फिरवला आणि म्हणाली, ‘जोर हिने खाल्ला.’ ‘घर्षण’ हा शब्द मी त्यानंतर सांगितला. आधी सांगितला असता तर तो नुसताच पाठ झाला असता.

यापुढची पायरी गॅलिलिओची. पुण्यातल्या तपकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, वायरिंगची केसिंग पट्टी, म्हणजे तारा झाकायची प्लॅस्टिकची पन्हळ, मिळते. ती इंग्रजी ‘यू’सारखी वाकवून भिंतीला चिकटपट्टीने लावली आणि एका टोकावरून गोटी सोडली, तर ती दुसऱ्या बाजूला जवळजवळ तेवढ्याच उंचीपर्यंत चढते. दुसरी बाजू थोडी थोडी खाली आणत गेलो, की तीच उंची गाठायला गोटी अधिकाधिक लांब जाते. मग ती बाजू अगदी आडवी केली आणि घर्षणही नसले तर? इथे मुलांना घाई करू नये, वर्ग दोन मिनिटे गप्प बसला तरी बसू द्यावा. ‘मग ती थांबणारच नाही’ हे वाक्य मुलांच्याच तोंडून आले पाहिजे. न्यूटनने 1687 साली पहिला नियम म्हणून मांडले ते हेच, आणि 1977 साली सोडलेले व्हॉयेजर-1 हे यान आज कोणीही ढकलत नसताना सेकंदाला सुमारे 17 किलोमीटर वेगाने चालले आहे.

एक अडचण आपल्या भाषेतली आहे. मराठीत बल हत्तीच्या अंगात असते, बलवान माणसाच्या दंडात असते. त्यामुळे ते गोटीतही साठलेले असणार, असे मुलांना वाटणे स्वाभाविकच आहे. विज्ञानातले बल मात्र कोणाच्या अंगात नसते. एका वस्तूने दुसरीवर ते लावावे लागते, आणि रबर सुटताच रबराचे बल संपते. पुढे स्ट्रायकरजवळ उरतो तो वेग, आणि तो बदलायलाच बल लागते. हा फरक मी मुलांना हाताने दाखवायला लावतो: बल कोण लावते आहे, त्याच्याकडे बोट दाखवायचे. बोट दाखवण्याजोगे काही सापडले नाही, तर तिथे बल नाही.

हे सारे ऐकल्यावर एका मुलाने विचारले, ‘मग सपाट रस्त्यावर सायकलला पायडल का मारत राहावे लागते?’ प्रश्न अगदी योग्य होता. रस्ता आणि हवा मागे खेचतात तेवढेच पुढे रेटत राहिलो, तर वेग कायम राहतो, हे उत्तर मला तेव्हाच देता आले असते. मी त्याला चाकातली हवा कमी करून पाहायला सांगितले. दुसऱ्या दिवशी तो सोसायटीच्या आवारात खडूने केलेल्या दोन खुणांची मापे घेऊन आला. एकाच ठिकाणी पायडल थांबवल्यावर भरलेल्या चाकांवर सायकल कुठवर गेली, आणि मऊ चाकांवर कितीतरी अलीकडे कुठे थांबली, याची ती मापे होती. समोरून वारा असता तर तिसरी खूण कुठे पडली असती, हे मात्र त्याला अजून पाहायचे होते.